बैठकीच्या नोंदी : बियाण्याची उधारी आणि दहा संचालकांचं एकमत

२ एप्रिल २०२५

आमची शेतकरी उत्पादक कंपनी लातूरच्या औसा आणि निलंगा तालुक्यांतल्या पाच गावांची. दहा संचालक, त्यांत तीन बाया. मी मुख्य कार्यकारी अधिकारी. नव्या आर्थिक वर्षासाठी मंडळाने नेहमीच्या कामांत एक भर घातलीय : बैठका नीट चालवा. मार्चची बैठक दुपारी बसली ती दिवेलागणीला उठली, आणि चपला घालता घालता दोघे जण मला विचारत होते की शेवटी ठरलं काय.

आज इतिवृत्ताचं जुनं पुस्तक वाचून काढलं. प्रत्येक ठरावाखाली तेच वाक्य : ‘सदर ठराव सर्वानुमते मंजूर.’ सूचक, अनुमोदक, सह्या. प्रतवारी यंत्र घ्यायचं ठरलं ते सर्वानुमते, पुढच्या तिमाहीत ते रद्द झालं तेही सर्वानुमते. मधल्या काळात कुणाचं मत कशामुळे बदललं, याचा पुस्तकात पत्ता नाही.

कंपनी कायदा २०१३ चं कलम ११८ पुन्हा काढून पाहिलं. संचालक मंडळाच्या इतिवृत्तात हजर संचालकांची नावं तर हवीतच, शिवाय ठरावाशी असहमत असलेल्यांची नावंही लिहायची आहेत. कायद्याने ‘नाही’ म्हणणाऱ्यासाठी जागा ठेवलीय. आमच्या छापील नमुन्यात ती ओळच नाही. नमुना बदलायचा, हे पहिलं काम.

९ एप्रिल

सकाळी अण्णांच्या शेतात. अण्णा आमचे अध्यक्ष. आंब्याखाली बसून नियमांचा एक कागद तयार केला. त्यांची पहिली शंका अगदी रास्त होती : “एकमत म्हणजे एकानं नाही म्हणलं की काम अडलं. मग कोण बी उठून अडवील की.”

म्हणून चार जागा ठरवल्या. एक, पटलं. दोन, पूर्ण पटलं नाही पण चालेल. तीन, मी बाजूला राहतो, अडवत नाही, नाव लिहून घ्या. चार, अडवतो. अडवणाऱ्यावर दोन बंधनं : कारण कंपनीच्या नुकसानीचं पाहिजे, स्वतःला रुचलं नाही एवढं पुरणार नाही, आणि पुढच्या बैठकीआधी दुरुस्तीच्या कामाला त्याने बसलं पाहिजे. दोन बैठकांत जुळलं नाही तर मतदान. कर्जाच्या हप्त्याची तारीख आमच्या एकमतासाठी थांबणार नाही.

फेरीत, म्हणजे प्रत्येकाने पाळीने मत सांगताना, अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी बोलायचं, यावर अण्णा थोडे अडले. “मंग अध्यक्ष कशाला म्हणायचं?” मी म्हटलं, अण्णा, तुम्ही आधी बोललात की उरलेले नऊ जण तेच बोलतात. ते हसले. कागदावर सही केली, पण ‘दोन बैठका बघू’ असं जोडून.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचा विषय निघाला. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, एवढं अण्णांना माहीत होतं. मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते. तिथे अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. गटात आधी माहिती घ्यायची, प्रश्न विचारायचे, निर्णय तिथे करायचाच नाही. आमची कंपनी म्हणजे मेंढा नव्हे. पाच गावं, भागभांडवल, बँकेचा पैसा, आणि एकमेकांना वर्षातून चार वेळा भेटणारी माणसं. पण अभ्यासाची बैठक आणि निर्णयाची बैठक वेगळी ठेवणं आम्हालाही जमेल.

१९ एप्रिल

नव्या पद्धतीची पहिली बैठक. ऊन बघता सकाळी आठला. सूचना सात दिवस आधी लेखी गेली होती. उत्पादक कंपनीला ती सक्तीचीच आहे, आम्ही आतापर्यंत आदल्या रात्री फोन करून भागवत होतो. कोरम, म्हणजे बैठकीला लागणारी कमीत कमी हजेरी, एक तृतीयांश आणि किमान तीन, म्हणजे आमच्यासाठी चार. आज आठ जण.

विषयपत्रिकेत प्रत्येक विषयापुढे लिहिलं होतं : माहिती, चर्चा की निर्णय. आणि मिनिटं. एवढ्या एका बदलाने निम्मा वेळ वाचला. लेखापरीक्षकाच्या पत्रावर कुणी भाषण केलं नाही, कारण पुढे ‘माहिती, ५ मिनिटं’ असं लिहिलेलं. सर्वांत तरुण संचालकाकडे घड्याळ दिलं. त्याने गुरुजींनासुद्धा थांबवलं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना बोलताना कुणी थांबवण्याची ही पहिलीच वेळ असावी.

भिंतीवर एक मोठा कागद लावला, वर लिहिलं ‘मागाहून’. विषयाबाहेरचं जे निघेल ते तिथे. रस्त्याचा खड्डा, पीकविमा, आमदारांना भेटणं, सगळं तिथे गेलं. माणसाचं म्हणणं डोळ्यांसमोर लिहिलं गेलं की तो ते पुन्हा पुन्हा सांगत नाही.

खुर्च्यांचं मात्र फसलं. गोल मांडल्या होत्या. चहा झाल्यावर बाया आपोआप दाराकडे सरकल्या आणि पुरुष टेबलाकडे. पुढच्या वेळी टेबलच बाहेर काढणार.

३ मे

अभ्यास बैठक, निर्णय नाही. विषय : खरिपासाठी सभासदांना सोयाबीन बियाणं उधारीवर द्यायचं का.

बियाणं आपल्याच बीजोत्पादनाचं, परभणी विद्यापीठाचं एमएयूएस ६१२ हे वाण. गोदामात सगळ्यांसमोर उगवण चाचणीचे शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात घातले. सत्तर उगवले पाहिजेत, त्याखाली बियाणं म्हणून विकता येत नाही. संचालक मावशींनी हमालांना गाडीवरून पोतं आपटताना पाहिलं आणि तिथेच झापलं. बरोबर होतं, सोयाबीनचं साल पातळ, आपटलं की अंकुर मरतो आणि दाणा वरून धड दिसतो.

मग पैशांचं. एकरी ३० किलोची पिशवी. सोयाबीनला गेल्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खालीच राहिला. लोकांच्या हातात रोख नाही, हे सांगायला आकडे लागत नाहीत. उधारी दिली नाही तर सभासद कृषी केंद्राच्या दुकानात उधारीवर घेणार आणि माल त्याच व्यापाऱ्याला घालणार. उधारी दिली तर मागच्यासारखं होणार. मागच्या खरिपाची बाकी अजून वहीत आहे. कुणाकुणाची, ते बैठकीत कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत आहे म्हणूनच विचारलं नाही.

१० मे

निर्णयाची पहिली बैठक. दहाच्या दहा हजर.

फेरी घेतली. पहिले पाच जण : “द्यावी.” ताई बचत गटाच्या; त्या म्हणाल्या, “सगळे म्हणलालेत तर द्या, मला काय.” बापू काहीच बोलले नाहीत, मान हलवली. जुनी पद्धत असती तर मी याच क्षणी सर्वानुमते लिहून मोकळा झालो असतो.

बोटं वर करायला सांगितली. मूठ म्हणजे अडवतो, पाच बोटं म्हणजे मनापासून हो, अधलीमधली ज्याची त्याने. पद्धत बाहेरची आहे, पण हाताला लगेच कळते. तोंडाने ‘द्यावी’ म्हणालेल्या दोघांची दोन-दोन बोटं. ताईंचं एक. कारण विचारलं तर सगळे गप्प.

भावकीसमोर हात वर करणं सोपं नाही. इथे संचालक रात्री ज्याच्या ओट्यावर बसतो त्याच्याच पुतण्याची बाकी बैठकीत निघणार असते. तेव्हा कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या, नाव न घालता : ‘ही उधारी कशामुळे बुडेल असं तुम्हाला वाटतं?’ मत विचारलं नाही, भीती विचारली. चिठ्ठ्या टोपीत गोळा करून गुरुजींनी वाचल्या. चार चिठ्ठ्यांवर थोड्याफार फरकाने एकच मजकूर : बाकी संचालकांच्या घरातली आहे, ती आधी भरा.

बापूंचा चेहरा उतरला. तरी ते उठून गेले नाहीत. म्हणाले, “माझ्या पुतण्याकडं हाय. लपवायचं काय त्यात.” त्यानंतर ताई बोलल्या, आणि बराच वेळ बोलल्या. गटातल्या बाया दर महिन्याला हप्ता भरतात, एक चुकला तर दारात चारजणी येतात; इथे मोठ्या घराच्या दारात कोण जाणार? या अटीशिवाय त्या अडवतात, असं स्पष्ट म्हणाल्या.

ठराव लिहिला नाही. इतिवृत्तात : ‘विषय पुढे. एक संचालक अडवतात. कारण : थकबाकी व नातेवाईक.’ नाव घालायचं का, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, घाला.

१६ मे

ताई, बापू, मी आणि कंपनीचे सीए. दुरुस्तीची बैठक. कायद्यातच बरंच तयार निघालं.

उत्पादक कंपन्यांच्या प्रकरणातलं कलम ३७८-झेडके : सभासदाला व्यवसायापुरती उधारी सहा महिन्यांपर्यंतच. म्हणजे जूनमध्ये दिली तर डिसेंबरात संपली पाहिजे. मागची बाकी मुदतीच्या केव्हाच पलीकडे गेलीय. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचं तर आधी सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी. ते मंडळाच्या हातातच नाही.

आता नातेवाईक म्हणजे कोण? कायद्याच्या यादीत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र कुटुंबाचे सदस्य. वेगळा राहणारा पुतण्या त्यात नाही. गावात मात्र पुतण्या हा पोटच्या पोराहून वेगळा धरत नाहीत. ताईंचं म्हणणं, आपण यादी वाढवू. बापूंचं म्हणणं, कायद्याने सोडलंय ते तुम्ही कशाला धरता? सीएंनी हात वर केले : मंडळ कायद्याहून कडक नियम करू शकतं, करावा की नाही ते तुमचं.

या दोघांना मंडळाबाहेर एका टेबलाशी बसवणं हेच आजचं काम होतं. अडवणारा आणि ज्याचं अडलंय तो, एवढेच समोरासमोर असले की भाषणं होत नाहीत.

२४ मे

मे महिन्यात असा पाऊस या भागात फारसा कुणी पाहिलेला नाही. रस्ता चिखलाचा, तरी नऊ जण आले. टेबल बाहेर काढलं होतं, सतरंजीवर बसलो.

मसुदा मी आधीच घरपोच केला होता. वाचला, फेरी, बोटं. झालेला ठराव असा : सभासदाला जास्तीत जास्त दोन पिशव्या उधारीवर. मागची बाकी पूर्ण भरल्याशिवाय नवी नाही. संचालक, कायद्याच्या यादीतले नातेवाईक आणि शिवाय सख्खे पुतणे-भाचे, सगळे रोखीने. परतफेड ३० नोव्हेंबरपर्यंत, पैशात किंवा त्या दिवशीच्या बाजारभावाने सोयाबीनमध्ये. आढावा १५ नोव्हेंबरला.

गुरुजींनी फेरीत विचारलं, “पाऊस आत्ताच असा आहे. पीक वाहून गेलं तर?” सगळे म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. गुरुजी ऐकेनात. शेवटी एक ओळ वाढवली : ज्याच्या पिकाचा पंचनामा होईल त्याचा विषय मंडळापुढे स्वतंत्र येईल. माफीचा शब्द मुद्दाम टाळला.

बापू बाजूला राहिले. ‘पुतण्यांचा नियम मला मान्य नाही, मी अडवत नाही,’ हे त्यांच्याच शब्दांत लिहिलं आणि वाचून दाखवलं. इतिवृत्त आता उठण्याआधी तिथेच वाचतो. कायदा तीस दिवस देतो, पण तीस दिवसांनी कोण काय बोललं यावर भांडणं होतात.

नंतर घातलेली ओळ : पुतण्याची बाकी चार दिवसांत जमा झाली. बापूंनीच भरली असं कानावर आलं. मी विचारलं नाही.

२९ मे

काल केंद्राने खरिपाचे हमीभाव जाहीर केले, सोयाबीन ५,३२८. रात्री व्हॉट्सअॅप गटावर एकाने टाकलं की भाव वाढला, तर पिशव्या दोनाच्या तीन करा, आणि सकाळपर्यंत सहा अंगठे. मी उत्तर दिलं : हा ठराव नाही, विषय पुढच्या पत्रिकेत घेतो. दोघांना राग आला. अंगठा दाखवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मसुदा उघडूनही पाहिला नव्हता.

१२ जून

वाटप झालं. उधारीच्या प्रत्येक पावतीवर परतफेडीची तारीख मोठ्या अक्षरात. संचालकांच्या घरचे रोख पैसे घेऊन रांगेत उभे होते, आणि हे लोकांनी पाहिलं.

२३ ऑगस्ट

तिमाही बैठक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, म्हणून सातच जण. पद्धतीवरच अर्धा तास ठेवला होता.

तक्रार एकच आणि खरी : प्रत्येक गोष्टीला फेरी नको. गोदामाचं कुलूप बदलायला दहा जणांची संमती कशाला? मलाही हे जाणवत होतं. एकमताला वेळ लागतो. तो जिथे निर्णय सगळ्यांनी मिळून राबवायचा असतो तिथे वसूल होतो, एरवी वाया जातो. रोजच्या खरेदीचा भाव तर सकाळी दहापर्यंत फळ्यावर लागलाच पाहिजे. तेव्हा तीन ढीग केले. ठरलेल्या रकमेखालचा खर्च आणि रोजचा भाव : मी ठरवतो, पुढच्या बैठकीत कळवतो. दुरुस्ती, नोकरभरती, वाहतूक : साधं बहुमत. उधारी, कर्ज, नवं यंत्र, संचालकांशी संबंधित काहीही : एकमताची पूर्ण पद्धत.

कुठला विषय कुठल्या ढिगात, यावरूनच वाद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. मावशी म्हणाल्या, “ज्यात घरोघर भांडण लागतं ते तिसऱ्यात.” याहून चांगली व्याख्या मला सुचली नसती.

२९ सप्टेंबर

तेरणा आणि मांजरा दोन्ही पात्राबाहेर. आमच्या पाचांपैकी नदीकाठच्या दोन गावांत उभं सोयाबीन पाण्याखाली आहे, शेंगांना कोंब फुटलेत.

बैठक तातडीची घेतली. सात दिवसांपेक्षा कमी मुदतीची बैठक घेता येते, कारणं लेखी नोंदवायची. नोंदवली. विषय एकच : पाणी उपसायला मोटार, ताडपत्र्या आणि गोदामात धान्य ठेवायला जागा. फेरी घेतली नाही, वीस मिनिटांत संपलं. उधारीचं कुणी काढलं, अण्णांनी ‘मागाहून’च्या कागदाकडे बोट दाखवलं. आज ते बरोबर होतं.

१५ नोव्हेंबर

आढाव्याची बैठक. तीन गावांतली वसुली जवळजवळ पूर्ण. नदीकाठच्या दोन गावांत पंचनामे झालेल्यांची यादी तलाठ्याकडून आणली. गुरुजींची ती एक ओळ नसती तर आज आम्ही ‘माफ करा’ आणि ‘अजिबात नाही’ यांत अडकलो असतो.

पर्याय तीन. माफी : म्हणजे कोरड्या गावांतल्या सभासदांच्या भांडवलातून. सक्तीची वसुली. किंवा कायद्यात आणि आमच्या नियमावलीत तरतूद आहे त्याप्रमाणे तारणावरचं कर्ज करून मुदत वाढवणं, कारण साधी उधारी सहा महिन्यांपलीकडे ओढता येत नाही.

ताईंनी आज अडवलं नाही, उलट मुदत देण्याच्या बाजूने सगळ्यांत जोरात बोलल्या. तिघे अडले : अण्णा, घड्याळवाला दादा आणि आणखी एक. त्यांचं म्हणणं, तारण घेताय ते कागदावर, पुढच्या वर्षी प्रत्येक जण पंचनामा घेऊन येईल. कारण कंपनीच्या नुकसानीचंच आहे, म्हणजे नियमात बसतं. विषय पुढे.

२९ नोव्हेंबर

दुरुस्तीच्या बैठकीत अर्धं जुळलं : मुद्दलाचा तिसरा हिस्सा आता, उरलेलं एका वर्षात, तारण म्हणून सभासदाचे कंपनीतले भाग (शेअर) आणि पुढच्या मालाचं संमतिपत्र. तिघांपैकी कुणी पूर्ण सरकलं नाही. मुदत उद्या संपते. नियमाप्रमाणे मतदान घेतलं. बाजूने सात, विरोधात तीन. तिघांची नावं आणि कारणं इतिवृत्तात आहेत, अध्यक्षांचंही नाव त्यात आहे, आणि त्यांनीच त्या पानावर अध्यक्ष म्हणून सही केली.

मला यात पद्धतीचं अपयश दिसत नाही. मतदानाआधी त्या तिघांच्या म्हणण्यातून तिसऱ्या हिश्श्याची अट आली. ती मूळ मसुद्यात नव्हती. बापू मात्र जाताना म्हणाले, “एवढं बसून शेवटी हातच वर केले.” त्यांचंही खरं आहे.

८ डिसेंबर

तिसऱ्या हिश्श्याचे पैसे बहुतेकांचे आले. तीन सभासद बाकी आहेत. त्यांच्याकडे अण्णा आणि ताई दोघांनी मिळून जायचं ठरलंय, म्हणजे विरोधातलं एक आणि बाजूचं एक. तारणाचे कागद मी शुक्रवारपर्यंत पूर्ण करणार. पुढच्या बैठकीत घड्याळ मावशींकडे, नोंदी बापूंकडे. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग विचारलं की पेन कंपनीचं मिळेल का.